थांबलेल्या गाडीतील उष्णतेचा हिशेब

उन्हाळ्याच्या ऐन भरात लोणावळ्याचा गारवा मागे टाकून बोरघाट उतरणाऱ्या आणि खालापूरच्या टोलनाक्यापाशी वाहनांच्या रांगेत येऊन उभ्या राहणाऱ्या प्रवाशाला, त्याची मोटार पंधरा-वीस वर्षांची असेल तर, एक अनुभव बहुधा येतोच. ज्या झरोक्यांतून घाटभर शीतल वायूचा झोत अंगावर येत होता, त्याच झरोक्यांतून गाडी थांबल्यावर चार-पाच मिनिटांतच कोमट वारा वाहू लागतो. मागच्या आसनावरची मुले कुरकुरू लागतात, वडीलधारी मंडळी काच खाली करावयास सांगतात, चालक ब्लोअरचे बटण शेवटच्या अंकापर्यंत फिरवतो, आणि तरीही कपाळावरचा घाम सुकत नाही. मग रांग सरकते, गाडी वेग घेते, आणि दोन-तीन किलोमीटरांच्या आत तीच हवा पुन्हा गार होते.

ही फिर्याद घेऊन मनुष्य गॅरेजात जातो, तेव्हा त्याच्या तोंडी आणि पुष्कळदा समोरच्या कारागिराच्याही तोंडी एकच वाक्य असते : "गॅस कमी झाला असेल, भरून टाकू." मला या प्रकरणात जे सांगावयाचे आहे, ते या वाक्यापाशी थांबू नये एवढ्यासाठीच सांगावयाचे आहे. रोज येणारा ताप, दिवसाआड येणारा एकांतरा आणि चौथ्या दिवशी येणारा चौथरा यांना आपल्या जुन्या वैद्यांनी निरनिराळी नावे दिली, कारण ताप केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो ही त्यांच्या लेखी निदानाची पहिली खूण होती. जो दोष धावत्या गाडीत नाहीसा होतो आणि उभ्या गाडीत प्रकट होतो, त्यानेही आपला ठावठिकाणा अर्धाअधिक स्वतःच सांगितलेला असतो. आपण फक्त एवढेच विचारावयाचे की, गाडी थांबते तेव्हा ती नेमके काय गमावते?

गारवा म्हणजे उष्णतेची जावक

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी एक गैरसमज आधी दूर करावा लागतो. मोटारीतील यंत्र थंडी निर्माण करीत नाही. ते आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकते. आपल्या स्वयंपाकघरातील माठ हेच काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. माठाच्या सच्छिद्र अंगातून पाझरलेले पाणी बाष्प होऊन उडून जाताना माठातील पाण्याची उष्णता आपल्याबरोबर घेऊन जाते आणि मागे उरलेले पाणी गार होते. द्रवाचे बाष्प होताना तापमान न वाढता जी उष्णता शोषली जाते, तिला अप्रकट उष्मा म्हणतात. या कल्पनेची शास्त्रशुद्ध मांडणी १७६०च्या दशकात ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक याने केली. माठ आणि मोटार यांत भेद इतकाच की, माठातून उडालेले पाणी वातावरणात जाते आणि आपल्याला माठ पुन्हा भरावा लागतो, तर मोटारीतील द्रव बंद नळ्यांतून फिरत राहतो, बाष्प होऊन आतली उष्णता उचलतो, बाहेर येऊन ती टाकून देतो, पुन्हा द्रव होतो आणि पुन्हा आत जातो.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतील बहुसंख्य मोटारींत या कामासाठी आर-१३४ए नावाचा पदार्थ वापरला गेला. साध्या वातावरणीय दाबाखाली तो उणे २६ अंश सेल्सियसलाच उकळतो. डॅशबोर्डाच्या मागे जी जाळी असते, जिला कारागीर कूलिंग कॉइल म्हणतात, तिच्यात हा द्रव एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या चिंचोळ्या छिद्रातून शिरतो. तेथे दाब एकाएकी उतरतो, द्रव उकळतो आणि ब्लोअरच्या वाऱ्यातील उष्णता शोषून घेतो. ते बाष्प इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा कॉम्प्रेसर ओढून घेतो व दाबून, म्हणून तप्त करून, बॉनेटच्या अगदी पुढच्या भागात, रेडिएटरच्याही पुढे उभ्या असलेल्या कंडेन्सर नावाच्या जाळीत ढकलतो. कंडेन्सरवरून बाहेरची हवा वाहिली की बाष्पाची उष्णता त्या हवेत जाते, त्याचा पुन्हा द्रव होतो, आणि ड्रायरमधून गाळून निघून तो परत व्हॉल्व्हकडे जातो.

या साऱ्या व्यवहाराकडे जमाखर्चाच्या दृष्टीने पाहिले, तर दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली ही की, कंडेन्सरला जी उष्णता बाहेर टाकावी लागते ती आतून उचललेल्या उष्णतेहून नेहमीच अधिक असते, कारण दाबण्याच्या कामात कॉम्प्रेसरने खर्च केलेली शक्तीही उष्णतेच्याच रूपाने तिच्यात मिळालेली असते. म्हणजे या वहीत जावक आवकेपेक्षा मोठी असावी लागते, आणि जावकेची वाट अडली की आवक आपोआप तुंबते. दुसरी ही की, फिरणारा पदार्थ हा पेट्रोलसारखा खर्चाचा जिन्नस नसून हमालासारखा आहे; तो ओझे वाहतो, स्वतः संपत नाही. गॅस खरोखरच कमी झाला असेल, तर तो कोठून तरी गळला आहे, आणि ती गळती शोधल्याविना नवा गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे होय.

थांबल्यावर काय हरपते

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या समोरून दर सेकंदाला सोळा-सतरा मीटर वेगाने वारा येत असतो, आणि तो वारा कंडेन्सरच्या जाळीतून विनामूल्य वाहतो. गाडी थांबली की हा वारा शून्यावर येतो. त्यानंतर जी काही हवा जाळीतून ओढली जाईल, ती एका विजेच्या पंख्याच्या बळावर. हे पहिले नुकसान.

दुसरे नुकसान फेऱ्यांचे. हमरस्त्यावर इंजिन मिनिटाला अडीच-तीन हजार फेरे घेत असते. उभ्या गाडीत ते आठ-नऊशेवर येते. कॉम्प्रेसर त्याच इंजिनाला बांधलेला असल्यामुळे बाष्प ओढण्याची त्याची शक्तीही सुमारे एक-तृतीयांश उरते. निरोगी कॉम्प्रेसर तेवढ्या फेऱ्यांतही पुरेसे काम करतो. परंतु ज्याचे अंतर्भाग झिजले आहेत, ज्याचा बेल्ट घसरतो किंवा ज्याचा क्लच ढिला आहे, त्याचा दुबळेपणा वेगात झाकला जातो आणि संथ गतीत उघडा पडतो.

या दोन नुकसानांची एक धाकटी बहीणही आहे. इंजिनाचे फेरे उतरले की अल्टरनेटरची वीजही मंदावते. जुनाट गाडीत दिवे, ब्लोअर आणि पंखा हे सारे एकदम चालू असता विजेचा दाब खाली येतो, आणि ज्या क्षणी पंख्यावर सर्वाधिक भिस्त असते, नेमका त्याच क्षणी तो मंद फिरू लागतो.

वारा आणि फेरे ही जी दोन खाती, त्यांपैकी तूट कोणत्या खात्यात आहे हे ठरवणे हाच या तपासाचा गाभा होय. बाकीचे सारे तपशील या एका विभागणीतून निघतात.

येथे थोडा इतिहास सांगणे उपयुक्त ठरेल, कारण काही जुन्या गाड्यांच्या बाबतीत दोष जन्मजात नसून धर्मांतरातून आलेला असतो. अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने १९४० सालच्या मॉडेलांत कारखान्यातूनच वातानुकूलन बसवून देण्यास आरंभ केला, तेव्हा त्या यंत्राला क्लचच नव्हता. गारवा नको असेल तर इंजिन बंद करून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा बेल्ट हाताने उतरवावा लागे. पुढे हे यंत्र सुधारत गेले व आर-१२ या वायूवर ते जगभर पसरले. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड या शास्त्रज्ञांनी असे वायू वातावरणाच्या वरच्या थरातील ओझोनचा नाश करतात हे दाखवून दिले, आणि १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर आर-१२ची जागा हळूहळू आर-१३४ए ने घेतली. या नव्या पदार्थाला ६० अंशांवर द्रवरूप होण्यासाठी जुन्यापेक्षा सुमारे दहा टक्के अधिक दाब लागतो. त्यामुळे ज्या गाड्या आर-१२साठी घडवल्या होत्या आणि नंतर केवळ वायू बदलून चालवल्या गेल्या, त्यांचा जुन्या धाटणीचा कंडेन्सर धावताना कसाबसा पुरतो आणि उभ्या गाडीत अपुरा पडतो. अशा गाडीला अधिक कार्यक्षम, समांतर नळ्यांचा कंडेन्सर आणि दमदार पंखा बसवणे हाच खरा उपाय असतो.

एक बादली पाणी

माझ्याकडे २००३ सालची एक लहान मोटार पुष्कळ वर्षे होती आणि खालापूरच्या रांगेतील वर वर्णिलेला प्रसंग मी तिच्यातच अनुभवला आहे. एका गॅरेजात एकाच उन्हाळ्यात तिच्यात दोनदा गॅस भरला गेला. पहिल्या वेळी आठवडाभर फरक वाटला, दुसऱ्या वेळी उकाडा उलट वाढला. शेवटी कोणीतरी सांगितले म्हणून पुण्यातील नाना पेठेत, जेथे मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने उभी आहेत, तेथील एका वृद्ध मेस्त्रींकडे मी गाडी नेली.

"आतापर्यंत काय काय केलंत, साहेब?" त्यांनी विचारले.

"दोनदा गॅस भरला, मेस्त्री."

"गॅस गेला कुठं होता, ते कुणी पाहिलं का?"

मला उत्तर देता आले नाही. त्यांनी एसी चालू ठेवून बॉनेट उघडावयास सांगितले, माझ्या समोरच्या झरोक्यात एक लहानसा थर्मामीटर खोवला आणि पोऱ्याला म्हणाले, "त्या नळावरून एक बादली पाणी आण."

बाहेर ३६ अंश उष्मा होता. झरोक्यातील हवा उभ्या गाडीत २१ अंशांवर अडकलेली होती. मेस्त्रींनी पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर तांब्यातांब्याने सावकाश पाणी ओतले, आणि तीन-चार मिनिटांत थर्मामीटरचा अंक घसरत घसरत १४वर आला. इंजिनाला हात लावला नव्हता, फेरे वाढवले नव्हते, गॅसचा एक थेंब घातला नव्हता. फक्त कंडेन्सरची उष्णता जाण्यास वाट करून दिली होती. "तुमचा कॉम्प्रेसर चांगला आहे," मेस्त्री म्हणाले, "वारा कमी पडतोय."

त्या एका बादलीने माझ्या मनातील सारा गोंधळ निवळला, आणि म्हणूनच वाचकालाही मी हा क्रम सुचवतो. गाडी सावलीत, मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक ओढून उभी करावी. आतली हवा आतच फिरवण्याचे बटण लावावे, ब्लोअर मध्यम वेगावर ठेवावा आणि झरोक्यात थर्मामीटर ठेवून दहा मिनिटांनी अंक लिहून घ्यावा. त्यानंतर अॅक्सिलरेटर हलकेच दाबून, म्हणजे कारागिरांच्या भाषेत थोडी रेस देऊन, इंजिन पंधराशे ते दोन हजार फेऱ्यांवर दोन-तीन मिनिटे ठेवावे व दुसरा अंक लिहावा. मग पुन्हा संथ गतीवर आणून कंडेन्सरवर पाणी सोडावे व तिसरा अंक लिहावा. पाण्याने अंक झपाट्याने उतरला तर तूट वाऱ्याच्या खात्यात आहे. पाण्याने फारसा फरक न पडता केवळ रेसने उतरला, तर ती फेऱ्यांच्या खात्यात आहे. आणि दोहोंनीही न उतरला, तर गॅसचे प्रमाण, व्हॉल्व्ह किंवा आतल्या बाजूचा काही दोष पाहावा लागेल. हे करताना पाणी विजेच्या जोडण्यांवर उडू देऊ नये, आणि पंख्यापासून हात, ओढणी, टायचे टोक दूर ठेवावे, कारण हा पंखा कोणत्याही क्षणी आपोआप सुरू होतो.

वाऱ्याचे खाते

वाऱ्याचा तपास पंख्यापासून सुरू करावा. एसी लावताच किंवा थोड्या अवधीत कंडेन्सरचा पंखा फिरू लागला पाहिजे. तो मुळीच फिरत नसेल तर फ्यूज, रिले, जोडणी आणि मोटर अशा क्रमाने दोष शोधता येतो, आणि तो सापडतोही लवकर. फसवणूक होते ती फिरणाऱ्या पण अशक्त झालेल्या पंख्याकडून. त्याच्या मोटरीतील कार्बनचे ब्रश झिजलेले असतात, तो डोळ्यांना फिरताना दिसतो आणि पाहणारा समाधान मानून पुढे जातो. त्याची परीक्षा वर्तमानपत्राच्या एका पानाने होते. पंखा चालू असता ते पान पुढच्या जाळीवर धरून सोडावे. ते जाळीला चिकटून राहिले तर ओढ पुरेशी आहे, गळून पडले तर पंखा नावापुरताच आहे. पान बाहेर ढकलले गेले, तर नवी मोटर बसवताना कोणीतरी तारा उलट जोडल्या आहेत असे समजावे. असा उलटा पंखा धावत्या गाडीत वाऱ्यापुढे हार खातो म्हणून दोष लपतो आणि थांबलेल्या गाडीत इंजिनाची तप्त हवा कंडेन्सरवर लोटतो.

पंखा उत्तम असूनही जाळीच बुजलेली असू शकते. वीस वर्षांत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या बोटभर फटीत धूळ, कीटक, सावरीचा कापूस आणि सुकी पाने यांचा जणू नमदाच तयार होतो; पुढून पाहिले असता जाळी स्वच्छ दिसते आणि मागे वाट बंद असते. ही सफाई साध्या नळाच्या पाण्याने, मऊ ब्रशने, शक्य तो आतल्या बाजूकडून पुढे अशी करावी. प्रचंड दाबाच्या फवाऱ्याने ॲल्युमिनियमची पातळ पाती लवून एकमेकांवर बसतात आणि केलेली सफाईच नवा अडथळा होऊन बसते. कोकणपट्टीत वापरलेल्या गाड्यांत खाऱ्या हवेने ही पाती पांढुरकी होऊन हात लावताच भुगा होतात. नळीला पाती उरली नाहीत तर उष्णता हवेत जाणार कशी? तेथे कंडेन्सर बदलण्यावाचून गत्यंतर नसते.

तिसरी गोष्ट फारच थोडे लोक पाहतात, आणि माझ्या गाडीचा अर्धा दोष तीतच होता. कारखान्यातून निघालेल्या गाडीत कंडेन्सरच्या कडांना फोमच्या वा रबराच्या पट्ट्या असतात, पंख्याभोवती आवरण असते आणि बंपरच्या खाली प्लास्टिकचा एक पडदा असतो. त्यांचा हेतू हा की, पंख्याने ओढलेली हवा बाहेरूनच यावी. गतिरोधकांवर घासून, अपघातानंतरच्या दुरुस्तीत किंवा हयगयीने या वस्तू एकेक करून नाहीशा होतात. मग उभ्या गाडीत पंखा इंजिनाकडची तापलेली हवाच कडेने फिरवून पुन्हा पुढे आणतो, आणि कंडेन्सरला ३६ अंशांची हवा मिळण्याऐवजी त्याहून कितीतरी अधिक उष्ण हवा मिळते. दोनशे-तीनशे रुपयांच्या फोमच्या पट्ट्यांनी जे साधते, ते कधीकधी हजारो रुपयांच्या नव्या कॉम्प्रेसरनेही साधत नाही.

फेऱ्यांचे खाते

फेऱ्यांच्या खात्यात सर्वांत स्वस्त दोष आधी पाहावा, तो म्हणजे बेल्ट. काचेसारखा गुळगुळीत झालेला किंवा सैल पडलेला बेल्ट एसी लावताच किंचाळतो, पण काही वेळा मुकाट्यानेही घसरतो. त्यानंतर इंजिनाची संथ गती. एसी लावल्यावर इंजिनावर जो भार येतो तो सोसण्यासाठी गती किंचित वाढवण्याची योजना बहुतेक गाड्यांत असते. थ्रॉटलवर काजळी साचली किंवा ती योजना निकामी झाली, तर इंजिन सहाशेपर्यंत खाली बसते, गाडी थरथरते, आणि कॉम्प्रेसर व पंखा हे दोघेही एकदमच दुबळे होतात. थ्रॉटलची सफाई हा अशा वेळी एसीचाच उपचार ठरतो.

मग क्लच. कॉम्प्रेसरच्या पुलीसमोरची चकती विद्युत्‌चुंबकाच्या ओढीने पुलीला चिकटते तेव्हाच कॉम्प्रेसर फिरतो. या दोहोंतील फट साधारणतः ०.३ ते ०.६ मिलिमीटर असावी लागते. वर्षानुवर्षांच्या झिजेने ती रुंदावते. थंड इंजिनात चुंबक ती फट ओलांडून चकतीला पकडतो, परंतु रांगेत अर्धा तास तापल्यावर, त्याच्या वेटोळ्याचा विद्युत्‌रोध वाढून आणि विजेचा दाब उतरून त्याची पकड सुटते. अशा गाडीत बॉनेट उघडून पाहिले तर पुली फिरताना दिसते आणि मधली चकती स्थिर असते. कित्येक कॉम्प्रेसरांत चकतीमागचा एक पातळ वॉशर काढून फट पूर्ववत करता येते. या साध्या कामाअभावी चांगले कॉम्प्रेसर भंगारात गेलेले आहेत.

गेजची साक्ष

सर्वांत शेवटी गॅस, आणि तोही गेजची साक्ष काढून. एसीच्या नळ्यांना दोन तोंडे असतात, एक कमी दाबाच्या बाजूचे आणि एक अधिक दाबाच्या. आपल्याकडे कारागीर हा दाब पौंडांत, म्हणजे दर चौरस इंचावरील पौंडांत मोजतात. बाहेर ३५ अंश उष्मा असता आणि इंजिन पंधराशे-दोन हजार फेऱ्यांवर असता कमी बाजूस २५ ते ४०, तर अधिक बाजूस २०० ते २५० पौंड हे आरोग्याचे लक्षण मानता येते. या आकड्यांमागे अर्थ आहे : आर-१३४ए शून्य अंशांवर सुमारे २८ पौंडांखाली उकळतो आणि ६० अंशांवर सुमारे २३० पौंडांखाली द्रवरूप होतो. म्हणजे गेजचा काटा दाबाच्या भाषेत आपल्याला तापमानच सांगत असतो. पंखा बंद पडून कंडेन्सर ८० अंशांवर गेला तर तोच काटा ३६५च्या आसपास जातो, आणि साडेचारशेच्या सुमारास सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर तोडून टाकतो. रांगेत उभ्या गाडीचा एसी काही वेळ अगदीच बंद पडून पुन्हा सुरू होतो, त्याचे एक कारण हे असते.

दोन्ही बाजूंचे दाब वाजवीपेक्षा खाली असतील तर गॅस गळला आहे. जेथून तो गळतो तेथे त्याच्याबरोबरचे तेलही झिरपते, म्हणून जोडण्यांवर तेलकट, धूळ धरलेले डाग शोधावेत आणि साबणाच्या फेसाने खात्री करावी. संथ गतीत कमी बाजू चढलेली, अधिक बाजू उतरलेली, आणि रेस देताच दोन्ही पूर्वपदावर, असे असेल तर कॉम्प्रेसर आतून झिजला आहे. येथे मात्र मोठा खर्च टळत नाही. आणि दोन्ही बाजू चढलेल्या असतील, तर एक तर वारा कमी आहे, नाही तर नळ्यांत बाहेरची हवा शिरली आहे, किंवा गॅस अधिक भरला गेला आहे.

हा शेवटचा प्रकार माझ्या गाडीत घडला होता. गॅस अधिक झाला की कंडेन्सरच्या खालच्या नळ्या द्रवाने भरून राहतात, बाष्पाला द्रवरूप होण्यास जागा कमी उरते आणि दाब चढतो. धावताना वाऱ्याच्या जोरावर हे निभावते, उभ्या गाडीत निभावत नाही. अशक्त पंख्याच्या रोगावर गॅसचे औषध दिले गेले आणि त्या औषधानेच रोग बळावला. मेस्त्रींनी तो सारा गॅस यंत्राने काढून घेतला, पाऊण तास व्हॅक्यूम लावून नळ्यांतील हवा व दमटपणा ओढून काढला, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिले होते तितकाच गॅस तराजूवर तोलून भरला. लहान मोटारींत हे प्रमाण बहुधा अर्ध्या किलोच्या आसपास असते, आणि तेथे पन्नास-शंभर ग्रॅमांची चूकही मोठी ठरते. केवळ हाताला नळी गार लागेपर्यंत गॅस सोडत राहण्याचा शिरस्ता म्हणूनच त्याज्य होय.

या काटेकोरपणाला आणखी एक कारण आहे. आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, परंतु वजनास वजन धरले तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४३० पट उष्णता धरून ठेवतो. अर्धा किलो गॅस हवेत सोडणे म्हणजे सुमारे सातशे किलो कार्बन डायऑक्साइड सोडण्यासारखे आहे. आपल्या गाडीतील चार माणसांना गार ठेवण्यासाठी सर्वांच्याच आकाशात एवढी उष्णता कोंडून ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

अपेक्षेची मर्यादा

एवढे सारे करूनही जुन्या गाडीकडून अशक्याची अपेक्षा करू नये. निर्दोष यंत्रातसुद्धा उभ्या गाडीतील झोत धावत्या गाडीतल्यापेक्षा चार-पाच अंशांनी उष्ण असणे स्वाभाविक आहे. नागपूरच्या ४५ अंशांच्या कोरड्या दुपारी बाहेरची हवाच इतकी तप्त असते की कंडेन्सरला उष्णता टाकण्यास अवकाश थोडा उरतो. उलट मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर तापमान कमी असूनही यंत्राची बरीच शक्ती हवेतील दमटपणाचे पाणी करण्यातच खर्ची पडते. गाडीखाली टपटपणारे ते पाणी पाहून घाबरू नये. ते यंत्र काम करीत असल्याची खूण आहे. रांगेत असता बाहेरची हवा आत घेण्याचे बटण बंद ठेवावे, कारण ती हवा काचेच्या तळाशी, तापलेल्या बॉनेटवरूनच आत येते. आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बसताना आधी काचा उघडून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यावी. आवक कमी झाली की जावकेवरचा भार आपोआप हलका होतो.

माझ्या गाडीला शेवटी लागले ते इतकेच : पंख्याची एक मोटर, फोमच्या चार पट्ट्या, जाळीची सफाई आणि तोलून भरलेला गॅस. त्यानंतरच्या मे महिन्यात मी पुन्हा घाट उतरलो आणि खालापूरच्या रांगेत वीस मिनिटे उभा राहिलो. झरोक्यातील थर्मामीटर १३ अंशांवर थोडा चढला, थोडा उतरला आणि तेथेच राहिला. मागच्या आसनावर आई झोपली होती. गाडी थांबली आहे हे तिला कळलेही नाही.